बसचा एसी उघडण्याआधी चावी कुणाच्या खिशात आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुर्भ्याला भाड्याने गाळा घेतलाय, स्टाफ बस आणि स्कूल बसच्या एसीची कामं सुरू केलीत. स्वतः आयटीआय झालेले आहात, सहा वर्षं घरगुती स्प्लिट आणि कारचे एसी केलेत. हाताखाली तीन मुलं, त्यातला एक जेमतेम अठरा पूर्ण. घरचे म्हणतात हा गॅस विषारी असतो. मुलांसाठी सेफ्टीचं काय सामान घ्यावं, आणि पंधरा हजारांत भागेल का?

सामानाचं सांगतोच. पण पहिली गोष्ट फुकट आहे. गाडी गाळ्यात लागली की ड्रायव्हरकडून चावी घ्यायची आणि जो माणूस इंजिनापाशी किंवा टपावर हात घालणार, त्याच्या खिशात ठेवायची. टेबलावर नाही, खिळ्याला नाही, शेठच्या ड्रॉवरमध्ये तर नाहीच.

मी हे काम सत्तावीस वर्षं करतोय. आधी ठाण्यात वागळे इस्टेटला, मग खाडी ओलांडून नवी मुंबईत. एवढ्या वर्षांत गॅसमुळे जायबंदी झालेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. इंजिनाच्या पट्ट्यात सापडलेली आणि टपावरून पडलेली मोजायला दोन्ही हात पुरायचे नाहीत. माझ्या बाबतीत तर बोटंही पूर्ण दहा नाहीत, डाव्या तर्जनीचं शेवटचं पेर गेलंय.

ते असं गेलं. मे महिन्यातली दुपार, संध्याकाळी वऱ्हाड घेऊन निघायची गाडी. इंजिन मागे, मी मागचं झाकण उघडून कॉम्प्रेसरच्या पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून बघत होतो. ड्रायव्हर पुढे, म्हणजे माझ्यापासून बारा मीटर लांब. हातोड्याचा आवाज थांबला तसं त्याला वाटलं काम झालं, आणि ‘थंड होतंय का बघू’ म्हणून त्याने स्टार्टर मारला. बसायच्या जागेवरून त्याला मी दिसणं शक्यच नव्हतं. मी त्याला कधी दोष दिला नाही. चावी त्याच्याकडे राहू दिली ती मीच.

कारच्या कामाची सवय असलेल्या माणसाला नेमका हाच फरक जाणवत नाही. कारमध्ये बॉनेट उघडलं की सगळं तुमच्या डोळ्यांसमोर असतं. बसमध्ये एकाच वेळी चार माणसं चार ठिकाणी असतात. ड्रायव्हर पुढे, क्लीनर आत झाडू मारतोय, इलेक्ट्रिशियन बॅटरीपाशी, तुमचा मुलगा टपावर. कुणालाच कुणी दिसत नाही. म्हणून चावीबरोबर बॅटरीचा कटऑफ, म्हणजे मुख्य स्विचही, बंद करायचा. मागच्या इंजिनाच्या पुष्कळ गाड्यांना इंजिनच्या कप्प्यातही स्टार्टचं बटण असतं आणि शेजारी पुढून-मागून निवडायचा स्विच. तो आधी शोधून ठेवा. बटणावर चालू होणाऱ्या नव्या गाड्यांत चावी खिशात ठेवून काहीच साधत नाही, तिथे कटऑफ हाच खरा उपाय. कटऑफच्या दांड्याला एक पाटी लटकवा: ‘टपावर माणूस आहे’. ‘काम चालू’ लिहिलेली पाटी कुणी वाचत नाही, माणूस म्हटलं की हात थांबतो.

आणखी एक. टपावरचे कंडेन्सरचे, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचे, पंखे प्रेशर स्विचवर किंवा कंट्रोलरच्या हुकमावर चालतात. ते थांबलेत म्हणजे बंद आहेत असं नाही. जाळी काढून हात आत घातला की फिरायला लागतील. वायरिंग चोवीस व्होल्टचं असतं, त्याचा शॉक जाणवत नाही, म्हणून मुलं निष्काळजी होतात. पण बॅटरीच्या वायरीवर पाना आडवा पडला आणि बोटात अंगठी असली, तर अंगठी लाल होईपर्यंत तापते. कामाला बसण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं. नवस-बिवस असेल तर दोरा गळ्यात बांधू द्या, हातात नको. गळ्यातला दोराही शर्टाच्या आत, कारण पट्टा गळ्यातल्या दोऱ्यालाही सोडत नाही.

आता टप. तुमचे पंधरा हजार खरं तर इथेच जायला हवेत. बसचा टप जमिनीपासून तीन ते साडेतीन मीटर. ऐकायला काहीच नाही, पण खाली काँक्रीट असतं आणि माणूस बहुधा टाचेवर नाहीतर कमरेवर पडतो. तुमच्याकडे येणाऱ्या कामाचा हंगामही वाईट आहे. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणजे सगळ्या स्कूल बस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एकदम रांगेत लागणार, आणि नेमका तेव्हाच पाऊस धरतो. ओल्या टपावर धूळ आणि तेल मिसळलं की साबण लावल्यासारखं होतं. एसीच्या युनिटचं वरचं झाकण फायबरचं असतं, त्यावर पाय द्यायचा नसतो. त्याच्या कडेला टपावर आपत्कालीन खिडकी असते, तिच्यावर तर नाहीच नाही. आमच्याकडे एक मुलगा जुलैत याच झाकणावरून घसरला. टाचेचं हाड मोडलं. सहा महिन्यांनी कामावर आला तो लंगडतच, आणि टपावर पुन्हा कधीच चढला नाही.

लोक म्हणतात, हार्नेस, म्हणजे अंगात अडकवायचा सेफ्टी पट्टा घ्या. घ्या, पण त्याआधी विचार करा, अडकवणार कुठे? टपावर हुक नसतो. युनिटच्या फ्रेमला दोर बांधून उपयोग नाही. शिवाय बाजारात मिळणारा साधा दोर पावणेदोन मीटरचा, त्यात झटका शोषणारी पट्टी उलगडली की आणखी मीटरभर वाढतो. माणसाची उंची धरा. दोर ताणून माणूस थांबायच्या आत जमीन आलेली असते. बसच्या उंचीला तो दोर पायाशी बांधला तर निव्वळ समाधान आहे. हार्नेस वापरायचाच तर डोक्यावरच्या तुळईला, आपोआप आत ओढून घेणाऱ्या दोराला, आणि ती तुळई गाळ्याच्या पत्र्याची की खरोखर वजन पेलणारी, हे जाणकाराकडून बघून. गाळा भाड्याचा असेल तर मालकाला विचारून.

त्यापेक्षा मी सांगीन, चाकांचा प्लॅटफॉर्म बनवून घ्या. बसच्या बाजूने लागेल असा, टपाच्या पातळीचा, तीन बाजूंना कमरेएवढा कठडा, चाकांना लॉक. टीटीसी औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचं काम करणारे पायलीला पन्नास आहेत. एकदा बनवलात की कंडेन्सर धुणं, मोटर बदलणं, गेज लावणं ही निम्मीअधिक कामं टपावर पाय न ठेवता होतात. बाकीचं सामान उधारीवर आणा, पण हे आधी करा. आणि पाऊस पडत असेल तर उघड्यावरच्या गाडीच्या टपावर कुणी चढायचं नाही. पार्टी कितीही ओरडो.

टपाचा विषय निघालाच आहे तर व्हॅक्युम पंपाचं, म्हणजे पाइपांतली हवा खेचून काढणाऱ्या पंपाचं सांगतो. पंप टपावर, वायर खालच्या बोर्डातून, मध्ये टेप गुंडाळलेला जोड, आणि टपावर पाणी. हे मी इतक्या गाळ्यांत पाहिलंय की आता आत शिरताना आधी बोर्डाकडे बघतो. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, लावून घ्या, दर महिन्याला त्याचं टेस्टचं बटण दाबा. जोड असलेली वायर फेकून द्या.

आता तुमच्या घरच्यांचा प्रश्न, गॅस विषारी आहे का? बसमध्ये बहुतेक ठिकाणी आर-१३४ए असतो, काही टपावरच्या युनिटमध्ये आर-४०७सी. क्लोरीन किंवा अमोनिया ज्या अर्थाने विषारी, त्या अर्थाने हे नाहीत. पण ‘विषारी नाही’ याचा अर्थ मुलं ‘निरुपद्रवी’ असा घेतात, आणि ते खोटं आहे. तीन प्रकारे तो अंगावर येतो.

पहिला थंडीने. आर-१३४ए बाहेरच्या हवेत उणे सव्वीस अंशाला उकळतो. होज काढताना द्रव उडाला तर कातडी जागच्या जागी गोठते, डोळ्यात गेला तर डोळाच जाऊ शकतो. म्हणून बाजूने बंद असलेला चष्मा, साधा नाही, आणि गॅससाठीचे हातमोजे. सुती मोजे भिजतात आणि कातडीला चिकटून बसतात, ते नकोत. लागलंच तर चोळायचं नाही, शेकायचं नाही, कोमट पाणी सोडायचं. डोळ्यात गेलं तर किमान पंधरा मिनिटं पाण्याची धार आणि मग थेट डोळ्यांचा डॉक्टर.

दुसरा प्रकार फसवा. हा गॅस हवेपेक्षा साडेतीनपट जड आहे, त्याला वास नाही, रंग नाही. कारमध्ये असतो अर्धा किलोच्या आसपास, मोठ्या बसमध्ये चार-पाच किलो, कधी जास्तच. पाच किलो मोकळा झाला की साधारण सव्वा घनमीटर जागा व्यापतो. तो वर जात नाही, खड्ड्यात उतरतो. तुमच्या गाळ्यात गाडीखाली उतरून काम करायचा पिट, म्हणजे खड्डा, दहा मीटर लांब, मीटरभर रुंद, दीड मीटर खोल असेल आणि त्याच्या खालच्या निम्म्या भागात हा गॅस साचला, तर तिथली जवळपास सहावा हिस्सा हवा त्याने बाजूला सारलेली असते. आत बसून नट सोडणाऱ्या मुलाला आधी हलकं वाटतं, मग हसू येतं, मग तो उठतच नाही. त्याला काढायला दुसरा उतरला की तोही. म्हणून पिटवर उभ्या गाडीचा गॅस काढायचा नाही, भरायचा नाही. त्यासाठी गाडी सपाट, मोकळ्या जागेवर घ्या. पिटमध्ये कुणी पडलेला दिसला तर आधी पंखा लावून हवा आत फेका, दोर टाका, फायर ब्रिगेडला १०१ लावा, पण मागोमाग उडी घेऊ नका. सांगणं सोपं, पाळणं फार अवघड, कारण खाली पडलेला आपलाच पोरगा असतो. म्हणून हे त्यांच्याशी आधीच, शांतपणे बोलून ठेवायचं.

बसच्या आतलंही असंच. इव्हॅपोरेटर, म्हणजे आतली हवा गार करणारा भाग, प्रवाशांच्या डोक्यावर असतो, गळती झाली की गॅस आत उतरतो, आणि एसी बसच्या काचा तर पक्क्या बंद. दुपारच्या वेळी शेवटच्या सीटवर क्लीनर झोपलेला असतो, हे ज्याने बस पाहिल्यात त्याला सांगायला नको. काम सुरू करण्याआधी एक मुलगा शेवटच्या सीटपर्यंत चालत जाईल, सीटच्या खाली बघेल आणि दोन्ही दारं उघडून येईल. आमच्याकडे हा नियम आहे. दोनदा खरंच माणूस सापडलाय.

आणि हे डॉक्टरला सांगायलाच हवं. या जातीचा गॅस जास्त प्रमाणात छातीत गेला की हृदय अॅड्रिनलिनला हळवं होतं. अशा वेळी घाबरणं, धावणं, किंवा दवाखान्यात दिलेलं अॅड्रिनलिनचं इंजेक्शन, यातून हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात. म्हणून माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणून आडवा ठेवायचा, चालवायचा नाही. १०८ ची अॅम्ब्युलन्स आली की आधी म्हणायचं, एसीचा गॅस छातीत गेलाय. सिलिंडरवरचं नाव मोबाइलमध्ये फोटो काढून द्या.

तिसरा प्रकार ज्वाळेचा. गॅस पूर्ण काढल्याशिवाय पाइपला टॉर्च, म्हणजे जोडकामाची ज्वाळा, लावली तर त्यातून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. जुने मेस्त्री फॉस्जीन म्हणतात, ते आर-१२ आणि आर-२२ च्या दिवसांतलं, त्यात क्लोरीन असायचा. आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, पण हायड्रोजन फ्लोराइड काही सुखाचा नाही. तिखट, घसा कापणारा धूर आला की टॉर्च बंद करून सगळ्यांनी बाहेर. बाहेरून धुण्याच्या काही अॅसिड केमिकलमध्ये हीच जात असते. कंडेन्सरच्या कॉइलवर मारायचं ते केमिकल घेताना डब्यावर हायड्रोफ्लोरिक लिहिलंय का वाचा, लिहिलं असेल तर दुकानात परत करा. डिटर्जंट आणि कमी प्रेशरचं पाणी पुरतं.

प्रेशर टेस्टला फक्त कोरडा नायट्रोजन, आणि तोही रेग्युलेटरमधून. बाटल्यात दीडशे बारपर्यंत दाब असतो, सरळ होज जोडलीत तर युनिट म्हणजे बॉम्ब. किती मारायचा ते युनिटच्या प्लेटवर लिहिलेलं असतं, लो साइडचा आकडा हाय साइडपेक्षा कमी असतो तो बघून. ‘नायट्रोजन संपलाय, वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन मारू’ असं म्हणणारा माणूस तुमच्या गाळ्यात कधी ना कधी येणारच. ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल दाबाखाली एकत्र आले की स्फोट होतो, ठिणगीचीसुद्धा गरज नाही. त्याला बाहेर काढा, नम्रपणे नको. कॉम्प्रेसरची हवा मारणंही टाळा. दाबाखाली हवेत मिसळलेला आर-१३४ए जळू शकतो, वर ओलावा आत जातो तो वेगळाच.

स्वस्त गॅसबद्दल. भाव निम्म्यावर आला तर घेऊ नका, एवढंच नाही, का ते ऐका. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये देखभाल झालेले काही रीफर कंटेनर, म्हणजे जहाजावरचे थंड मालाचे कंटेनर, फुटले, माणसं मेली. आतमध्ये आर-१३४ए च्या नावावर मिथाइल क्लोराइड भरलं होतं. ते अॅल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करून असं काही बनवतं जे हवा लागताच पेटतं. न्हावा-शेवा बंदर तुमच्यापासून किती लांब? रीफरची कामं करणारी मुलं तुमच्याकडे येतात, त्यांना विचारा. बसच्या कॉम्प्रेसरमध्ये आणि कॉइलमध्येही अॅल्युमिनियम असतंच. दुसऱ्याने भरलेली गाडी आली तर उघडण्याआधी एक तपासणी करा. गाडी रात्रभर बंद, पाइप गार, तर सिस्टिमचा दाब हवेच्या तापमानाशी जुळायला हवा. आर-१३४ए असेल तर तीस अंशाला सुमारे सत्त्याण्णव पीएसआय, पस्तीसला सुमारे एकशे चौदा. युनिटच्या प्लेटवर हाच गॅस लिहिलेला असून आकडा बराच वेगळा दिसला, तर आत हवा आहे किंवा भलताच गॅस आहे. आकडा जुळला म्हणजे गॅस शुद्ध, असंही नाही. शंका आली की ती गाडी घेऊ नका.

तुमच्याकडे सीएनजीच्या गाड्याही येतील. त्यांचा हिशोब उलटा आहे. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका, गाळ्याच्या पत्र्याखाली साचतो. काही गाड्यांत सीएनजीचे सिलिंडरही टपावरच असतात, दोनशे बारचे, तुमच्या एसीच्या पाइपच्या शेजारी. तिथे टॉर्च लावायचीच नाही. पाइप काढून खाली, बाहेर, लांब नेऊन ब्रेझिंग (ज्वाळेने धातू वितळवून जोड) करा, किंवा जोड फ्लेअरचा, म्हणजे नटने आवळायचा करा.

गॅस भरताना इंजिन अर्धा-पाऊण तास चालू ठेवावं लागतं. पावसात शटर अर्धं ओढून हे करू नका. कार्बन मोनॉक्साइडलाही वास नसतो. गाडीचं तोंड आत आणि धुराडं बाहेर, अशी लावा.

इलेक्ट्रिक बस मात्र आत्ता घेऊ नका. माझं हे मत अनेकांना आवडत नाही, कारण काम तिकडेच चाललंय. पण तिथला कॉम्प्रेसर पट्ट्यावर नाही, सहाशे व्होल्टच्या आसपासच्या डीसीवर चालतो. नारिंगी केबल दिसली की हात मागे. सर्व्हिस प्लग काढल्यावरही कपॅसिटर रिकामे व्हायला काही मिनिटं लागतात, नंतर मीटरने शून्य बघून मगच काम, आणि तो मीटर आणि ते रबरी मोजे हजार व्होल्टचे. तेलाचंही वेगळं. पट्ट्याच्या पुष्कळ कॉम्प्रेसरमधलं पीएजी जातीचं तेल वीज वाहू देतं, ते तुमच्या होजमधून थोडंसंही तिकडे गेलं तर इन्सुलेशनचा दोष येतो. त्यासाठी गेजचा सेटही वेगळा ठेवावा लागतो. कंपनीचं प्रशिक्षण घ्या, मग बघू.

तर पंधरा हजारांत काय? आधी प्लॅटफॉर्मचं कोटेशन मागवा, बहुतेक त्यातच सगळे संपतील, आणखी लागतील. त्याशिवाय प्रत्येकाला स्वतःचा चष्मा आणि मोजे, सामायिक नाहीत, कारण सामायिक चष्मा कुणीच लावत नाही. तळ न घसरणारे बूट. आरसीसीबी. पाण्याची व्यवस्था डोळे धुण्यासारखी, नळाला जोडलेला लांब पाइप असला तरी चालेल. गॅस हवेत सोडायचा नाही, त्यामुळे तो काढून सिलिंडरमध्ये भरणारी रिकव्हरी मशीन लागेलच, पण ती जुनी, चालू स्थितीतली बघा. काढलेला गॅस परत वापरलात की तिचे पैसे हळूहळू निघतात. रिकव्हरीचा सिलिंडर काट्यावर ठेवूनच भरा, ऐंशी टक्क्यांवर थांबा. मेच्या उन्हात काठोकाठ भरलेला सिलिंडर फुगत नाही, फुटतो. एकदा वापरून फेकायच्या सिलिंडरमध्ये परत गॅस भरणं तर बंदच करा.

अठरा वर्षांच्या मुलाला पहिले सहा महिने टपावर आणि पट्ट्यापाशी नको. त्याला गेज वाचायला, साबणाच्या पाण्याने गळती शोधायला, आणि चावी सांभाळायला शिकवा. चावी सांभाळणं हे कमी दर्जाचं काम आहे असं त्याला वाटू देऊ नका.

शेवटी विमा. ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, साधारणपणे दहा माणसांपासून लागू होतं, तुमच्याकडे तीन आहेत. तेव्हा विमा कंपनीकडून कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी काढा, आणि फॉर्म भरताना ‘वाहन दुरुस्ती’ एवढंच लिहू नका. उंचीवर चढून काम, दाबाखालचा गॅस, ब्रेझिंग हे सगळं लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण उद्या दावा आला तर ‘तुम्ही हे कळवलंच नव्हतं’ म्हणायला त्यांना जागा राहणार नाही. पॉलिसीत मुलांची नावं असतील तर नवा मुलगा आला की त्याच दिवशी ती वाढवून घ्या. नव्या मुलाचा पहिला आठवडाच सगळ्यात धोक्याचा असतो.